बहात्तर चिपा: घरच्या वर्कशॉपमध्ये लहान तुकडे कापण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ही हकिकत माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांची आहे. मी त्यांना काका म्हणतो, इथेही तेवढंच पुरे. त्यांना विचारूनच लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. कामाची मापं मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत, कारण या प्रकरणात बरंचसं मापांवरच ठरलं.

नोकरीतून मोकळे झाल्यावर काका सुतारकामाला लागले. पटाशा, दोन रंधे, गुण्या, बारीक दात्यांची हातकरवत ही हत्यारं त्यांच्याकडे आधीपासून होती आणि ती ते नीट ठेवत, धार स्वतः लावत. टेबल सॉ, म्हणजे टेबलाच्या फटीतून वर आलेल्या गोल ब्लेडवर लाकूड ढकलून कापायचं मशीन, नंतर आला, १० इंची ब्लेडचा. तो बसवायला मी होतो. फेन्स (लाकूड जिला टेकवून ढकलायचं ती ब्लेडशेजारची सरळ पट्टी) ब्लेडला समांतर कशी करायची, फळी कशी ढकलायची, ब्लेडच्या रेषेत उभं का राहायचं नाही, हे सगळं मी त्यांना दाखवलं. लहान तुकड्यांबद्दल मात्र मी एक शब्दही बोललो नव्हतो. ते पुढे येईलच.

काम होतं झाकणाच्या सहा पेट्यांचं. सागाच्या १२ मिमी जाड फळ्या, चारही कोपऱ्यांत ४५ अंशांचा सांधा. हा सांधा दिसायला सुरेख, पण ताकदीला कच्चा. दोन्ही बाजूंना लाकडाच्या तंतूंची कापलेली तोंडं समोरासमोर येतात, ती सरस पिऊन टाकतात आणि पकड राहत नाही. म्हणून पेटी जोडून झाली की कोपऱ्यावर आडव्या खाचा पाडायच्या आणि त्यांत पातळ लाकडी चिपा सरस लावून बसवायच्या. चिपेचे तंतू सांध्याच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे जातात आणि कोपरा बांधला जातो. काकांनी शिसवी निवडली होती, सागाच्या अंगावर काळसर रेघा उठून दिसाव्यात म्हणून. खाच ३ मिमी रुंद, १३ मिमी खोल. एका कोपऱ्याला तीन चिपा, पेटीला बारा, सहा पेट्यांना बहात्तर.

काय घडलं

काकांनी ठरवलं की चिपा मशीनवर कापायच्या, सगळ्या एकसारख्या. आधी १८ मिमी जाडीच्या शिसवी फळीतून ३ मिमी जाडीच्या पट्ट्या काढल्या. त्यासाठी फेन्स ब्लेडपासून ३ मिमीवर आणली. एवढ्या चिंचोळ्या फटीत ब्लेडवरचं झाकण अडतं, म्हणून ते काढलं. त्यांच्या मशीनवर झाकण ब्लेडमागच्या उभ्या पातीलाच जोडलेलं असल्याने तीही निघाली. पहिली पट्टी मध्येच तुटली. दुसरी आणि तिसरी निघाली, पुश स्टिकचं, म्हणजे लाकूड ढकलायच्या काठीचं, टोक थोडं खाल्लं गेलं, पण पट्ट्या हाती आल्या.

मग पट्ट्यांचे ३० मिमी लांबीचे तुकडे करायचे होते. माइटर गेजला (टेबलाच्या खाचेतून पुढे-मागे सरकणाऱ्या आधाराला) टेकवून पट्टी आडवी धरायची, तिचं टोक फेन्सला लावायचं आणि गेज पुढे सरकवायचा. फेन्स ब्लेडपासून ३० मिमीवर असल्यामुळे प्रत्येक तुकडा न मोजता ३० मिमीचा निघणार, असा साधा हिशेब. पहिले तेरा तुकडे असेच निघाले. काही सरळ फेन्सकडेला पडून राहिले, एकदोन ब्लेडच्या बाजूच्या फटीतून खाली गेले. चौदाव्याला ‘टक्’ असा आवाज झाला आणि तुकडा काकांच्या चष्म्याच्या काडीवर बसला. तिथून उडून मागच्या कपाटाच्या दारावर आपटला. ब्लेडच्या सर्वांत जवळ असलेली त्यांची बोटं तेव्हा जेमतेम ५ सेंटीमीटरवर होती.

त्यांनी मशीन बंद केलं, प्लग काढला आणि मला फोन केला. “जरा येऊन जातोस का? मला काही झालेलं नाही. पण ये.”

नेमकी अडचण काय होती

मी पोचलो तेव्हा काकांनी तो तुकडा शोधून बेंचवर ठेवला होता. त्याचा एक कोपरा घासून गोल झाला होता आणि सपाट अंगावर चंद्रकोरीसारखा ओरखडा होता. हा ओरखडा मी बराच वेळ बघत राहिलो, कारण त्यात सगळं लिहिलेलं होतं.

टेबल सॉचं ब्लेड आपल्या बाजूला वरून खाली फिरतं. पुढचे दाते लाकडाला टेबलावर दाबत कापतात, म्हणून कापताना सगळं शांत वाटतं. पाठीमागचे दाते मात्र खालून वर येत असतात. त्यांना लाकूड लागलं की ते आधी उचललं जातं आणि मग ब्लेडच्या माथ्यावरून आपल्याच दिशेने फेकलं जातं. ओरखडा कमानीसारखा का, तर तुकडा फिरत्या दात्यांवर चढून गेला म्हणून.

पण तो मागच्या दात्यांपर्यंत गेला कसा? आता माप बघा. तुकडा ३० मिमी लांब, १८ मिमी रुंद. फेन्स आणि ब्लेड यांच्यातली जागा ३० मिमी. पट्टीपासून सुटेपर्यंत तुकडा गेजच्या आधाराने सरळ होता. सुटल्यावर त्याला धरणारं कोणी नव्हतं. तो जरासा जरी फिरला तरी ३० मिमीच्या जागेत त्याचा कर्ण बसायला बघतो, आणि तो कर्ण भरतो ३५ मिमी. म्हणजे तुकडा एका टोकाला फेन्सवर आणि दुसऱ्या टोकाला ब्लेडवर पाचरीसारखा अडकला. अडकलेल्या तुकड्याला ब्लेड ज्या वेगाने ढकलतं तो वेगही नुसता ऐकण्यासारखा आहे. १० इंची ब्लेड मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ५३ मीटर होतो, म्हणजे ताशी १९० किलोमीटर. ब्लेडला ४० दाते असतील तर एका सेकंदात अडीच हजारांहून जास्त दाते एका जागेवरून जातात. काहीतरी बिघडलंय हे डोळ्याला दिसून हात मागे यायला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो. तेवढ्यात पाचशेच्या वर दाते गेलेले असतात. “मी लक्ष ठेवीन आणि पटकन हात काढीन” या वाक्याला इथे अर्थच उरत नाही.

काका म्हणाले, “पण तेरा वेळा काही झालं नाही ना.” माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत घातक भाग हाच. ते तेरा तुकडे सुरक्षित पद्धतीने कापले गेले नव्हते. ते फक्त फिरले नव्हते. रचना पहिल्या कापापासून तीच होती, आणि प्रत्येक नीट निघालेल्या तुकड्यागणिक काकांचा तिच्यावरचा विश्वास वाढत गेला. मशीन चालवणाऱ्याला वाटतं आपला हात बसतोय. लहान तुकड्यांच्या बाबतीत हात बसण्याचा आणि तुकडा न फिरण्याचा काही संबंध नसतो.

यात भर घालणाऱ्या आणखी तीन गोष्टी होत्या. ब्लेड ‘नीट दिसावं म्हणून’ टेबलाच्या वर चांगलं ५ सेंटीमीटर काढलेलं होतं, ३ मिमी जाड पट्टी कापायला. ब्लेडभोवतीच्या पत्र्यातली फट इतकी रुंद होती की तुकडे त्यात डोकावत होते. आणि डोळ्यांवर रोजचा नंबरचा चष्मा होता, कडेने उघडा. तुकडा काडीवर बसला म्हणून काडीला खाच पडली. बोटभर पुढे बसला असता तर मी हे लिहायला बसलो नसतो, दवाखान्यात बसलो असतो.

समोरचे पर्याय

काकांचा पहिला विचार होता, तेच काम सावकाश आणि जास्त लक्ष देऊन पुरं करायचं. अठ्ठावन्न तुकडेच तर राहिले होते. हा पर्याय मी नको म्हटला, आणि जरा जोरात म्हटला. सावकाश सरकवल्याने तुकड्याचा कर्ण लहान होत नाही.

दुसरा पर्याय नेहमीचा, आणि मोठ्या तुकड्यांसाठी चांगलाही: फेन्सवर ब्लेडच्या बराच अलीकडे एक ठोकळा क्लॅम्प करायचा, माप त्या ठोकळ्याला टेकवून घ्यायचं, आणि पट्टी पुढे नेईपर्यंत ती ठोकळ्यापासून सुटलेली असते. ठोकळा २५ मिमी जाड घेतला तर सुटलेल्या तुकड्याला ३० ऐवजी ५५ मिमीची मोकळी जागा मिळते आणि तो अडकत नाही. माझा कल सुरुवातीला याकडेच होता. पण शिसवीची ती चीप हातात घेतली की कळतं, वजन असं नाहीच. एवढा हलका तुकडा फिरत्या ब्लेडशेजारी मोकळा पडला की टेबलाच्या कंपाने सरकत सरकत पुन्हा दात्यांकडे जातो. आणि असा तुकडा दिसला की माणूस बोटाने तो बाजूला करायला जातो. हे काका कधीच करणार नाहीत, असं मी म्हणू शकत नव्हतो. स्वतःबद्दलही म्हणत नाही.

माइटर सॉ, म्हणजे गोल ब्लेड वरून खाली आणून कापायचं मशीन, त्यांच्याकडे होता. तो लहान तुकड्यांना आणखी वाईट. त्यावर हात ब्लेडपासून साधारण १५ सेंटीमीटर लांब ठेवायचा असतो. ३० मिमीचा तुकडा धरायचा कशाने? शिवाय कापून झाल्यावर ब्लेड फिरत असतानाच वर उचललं तर मोकळा तुकडा सोबत उडतो. बँड सॉ (पट्ट्यासारखं लांब पातं उभं फिरतं तो) या कामाला बराच बरा, कारण त्याचं पातं लाकडाला सतत टेबलाकडे खाली दाबतं, मागे फेकत नाही. पण तो काकांकडे नव्हता, आणि बहात्तर चिपांसाठी नवं मशीन घ्या असं सांगणं म्हणजे प्रश्न टाळणं झालं असतं.

राहिली स्लेड, म्हणजे टेबलाच्या खाचेतून सरकणारी प्लायची पाटी, जिच्यावर तुकडा बसवून, दाबून, पाटीसकट ब्लेडमधून न्यायचा. ही पद्धत मला मान्य होती. ती बनवायला एक दिवस लागला असता. आम्ही कागदावर आकृती काढायलाही घेतली.

निर्णय जिथे फिरला

आकृती काढताना मी विचारलं, “लांबी किती चुकली तर चालेल?” स्लेडवर थांबा, म्हणजे तुकड्याचं टोक टेकवायचा ठोकळा, कसा लावायचा हे ठरवण्यापुरताच प्रश्न होता. काका उत्तर द्यायला पेटीचा कोपरा घेऊन आले, चीप त्याच्या खाचेत घालून बघितली, आणि दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

खाच १३ मिमी खोल आहे. ४५ अंशांच्या कोपऱ्यात तिच्या तळाची लांबी खोलीच्या दुप्पट भरते, म्हणजे २६ मिमी. चीप ३० मिमीची. ती दोन्ही बाजूंना २ मिमी बाहेर येणार, आणि रुंदी १८ असल्याने कोपऱ्याबाहेरही ५ मिमी डोकावणार. सरस वाळला की बाहेर आलेलं सगळं करवतीने कापून, पटाशीने सपाट करायचंच आहे. मग चीप २९ची असो वा ३३ची, वाकडी कापलेली असो, टोकाला फाटलेली असो, काय फरक पडतो? अचूकपणा हवा होता तो फक्त जाडीत, कारण चिपेने ३ मिमीची खाच भरायची आहे. लांबीत अचूकपणा कोणी मागितलेलाच नव्हता. ज्या अचूकपणाची गरज नव्हती, त्यासाठी काका बोटं ब्लेडच्या ५ सेंटीमीटरपर्यंत नेत होते.

इथून कामाची उतरंडच बदलली. जाडी मशीनवर घ्यायची, पण तुकडा लांब आणि रुंद असतानाच. आखूड करायचं काम मशीनवर न्यायचंच नाही, ते हातकरवतीचं. ६० सेंटीमीटर लांबीच्या एका पट्टीतून करवतीच्या फटीसकट एकोणीस चिपा निघतात. चार पट्ट्या म्हणजे शहात्तर. म्हणजे मशीनवरचे बहात्तर धोक्याचे काप जाऊन चार राहिले, आणि ते चारही ६० सेंटीमीटर लांबीच्या फळीवरचे.

प्रत्यक्ष काम

तरी पट्ट्या काढण्याची काकांची पद्धत बदलावी लागली. ३ मिमीची पट्टी फेन्स आणि ब्लेड यांच्या मध्ये निघाली की ती तिथेच चेंगरते, तिला ढकलायला जागाही नसते. त्यांची पहिली पट्टी तुटली होती ती यामुळेच. ती तुटली तेव्हाच थांबायला हवं होतं, हेही त्यांना बोललो. उपाय असा की पट्टी ब्लेडच्या बाहेरच्या अंगाला पडू द्यायची आणि फेन्सच्या बाजूला फळीचा रुंद भाग ठेवायचा. त्यासाठी टेबलाच्या डावीकडच्या खाचेत एक लाकडी ठोकळा पक्का केला. त्यातून बाहेर आलेल्या स्क्रूचं डोकं दात्याच्या रेषेपासून ३ मिमीवर आणि ब्लेड सुरू होण्याच्या चांगलं अलीकडे येईल असा. फळी त्या स्क्रूला टेकेपर्यंत फेन्स डावीकडे सरकवायची, कुलूप करायची, कापायचं. पट्टी मोकळी बाजूला पडते. पुढच्या पट्टीसाठी फेन्स पुन्हा सरकवायची. दर वेळी फेन्स हलवावी लागते, हा त्रास आहे, तो घ्यायचा.

फळी ९० मिमी रुंद होती. एका पट्टीमागे ३ मिमी पट्टीत आणि तेवढेच ब्लेडच्या जाडीत जातात. चार पट्ट्यांनंतरही फेन्स आणि ब्लेडच्या मध्ये ६६ मिमी रुंदीचं लाकूड शिल्लक राहणार होतं. ढकलण्याचा ठोकळा त्यावर ऐसपैस बसतो. ब्लेडमागची पाती परत बसवली. कापलेली फट मिटून लाकूड ब्लेडला आवळत नाही आणि मागच्या दात्यांकडे सरकत नाही, ते तिच्यामुळे. ब्लेडची उंची दाते लाकडाच्या जरासे वर दिसतील एवढीच. टेबलातल्या रुंद फटीवर प्लायची नवी पट्टी बसवली. ती वरून क्लॅम्पने दाबून, ब्लेड फिरत असताना हळूहळू खालून वर आणलं, म्हणजे त्याच्याच जाडीची फट पडते आणि बारीक लाकूड खाली जायला जागा राहत नाही. मागच्या पातीसाठी ती फट नंतर करवतीने लांबवून घेतली. डोळ्यांना कडेने बंद असलेला सुरक्षा चष्मा, नंबरच्या चष्म्यावरून बसणारा. हातमोजे काकांनी हातात घेतले होते, ते ठेवायला लावले. फिरत्या ब्लेडला मोज्याचा एक धागा लागला तरी तो बोटाला सोबत नेतो.

आधी सागाच्या टाकाऊ तुकड्यावर एक पट्टी काढून बघितली. ती ३.४ मिमी भरली. खाचेत जाईना. काकांचा हात लगेच पट्टी पुन्हा मशीनवर घालायला गेला, “अर्धा मिमीच काढायचाय.” ३.४ मिमीची पट्टी टेबल सॉवर पुन्हा चालवणं म्हणजे ज्यातून आम्ही नुकतेच बाहेर आलो त्यातच परत जाणं. स्क्रू पाव फेरी फिरवून पुढची पट्टी बारीक काढली. ती ३.१ आली. शिसवीच्या चारही तशाच काढल्या आणि उरलेलं रंध्याने घेतलं. पातळ पट्टीवर रंधा मारताना एक गोष्ट सांभाळायची: पट्टीचं जवळचं टोक क्लॅम्पने दाबायचं आणि रंधा त्याच्यापासून दूर नेत चालवायचा. पट्टी ताणली जाते, सपाट राहते. पुढे अडण लावून तिच्याकडे रंधा ढकलला तर ती मधे फुगून तुटते. चीप खाचेत अंगठ्याने दाबून जाईल एवढीच सैल हवी. हातोडी लागली तर घट्ट आहे, सरसातल्या पाण्याने ती फुगली की मधेच अडकेल.

आखूड करण्यासाठी बेंच हुक बनवला. फळीचा एक तुकडा, त्याच्या खाली एका कडेला पट्टी, जी बेंचच्या काठाला अडकते, आणि वर दुसऱ्या कडेला पट्टी, जिला लाकूड टेकवून कापायचं. मापासाठी वरच्या पट्टीवर करवतीच्या फटीपासून ३० मिमीवर पेन्सिलची रेघ. चार पट्ट्या एकावर एक ठेवून कडेने कागदी टेप लावायचा आणि चारी एकदम कापायच्या, ही युक्ती काकांची. करवतीला १२ मिमी जाडीचं लाकूड मिळतं, पातळ पट्टीसारखं ते थरथरत नाही, आणि शहात्तर चिपा एकोणीस कापांत होतात. पाऊण तासाच्या आत काम संपलं होतं. मला नीट आठवतं ते म्हणजे तेव्हा खोलीत किती शांत होतं. आम्ही गप्पा मारत कापत होतो.

निकाल

सहाही पेट्या पुऱ्या झाल्या. चिपा बसल्यावर बाहेर आलेला भाग कापताना पहिल्या पेटीवर करवतीचे दोन ओरखडे उठले. पुढच्या पेट्यांना मग पुठ्ठ्याला भोक पाडून ते चिपेभोवती ठेवलं. शेवटची सफाई पटाशीने, आणि नेहमी कोपऱ्याकडून आत. आतून कोपऱ्याकडे नेली तर टोकाच्या आखूड तंतूंना मागे आधार नसतो, चिपेचा कोपराच निघून येतो. एका चिपेचा तसा निघालाही. तिथे नवी चीप घालावी लागली.

काही महिन्यांनी काकांनी एका छोट्या मेजासाठी सुट्या जोडपट्ट्या करायला घेतल्या. त्या निम्म्या पायात, निम्म्या आडव्या पट्टीत बसतात, चोवीस नग, ४० मिमी लांब, आणि इथे लांबी खरोखर मापात लागत होती. खाचेच्या तळाला टेकल्या तर सांधा मिटत नाही. त्यांनी फोन करून सांगितलं ते हे: “या वेळेस लांबी लागते आहे. स्लेड करतोय.” मला बरं वाटलं ते स्लेडपेक्षा पहिल्या वाक्याने. स्लेडवर थांबा लावला, पाठीला खरखरीत पॉलिश पेपर चिकटवला, आणि तुकडा दाबायला एक लांब काठी घेतली, टोकाला रबर लावलेली. थांब्याकडचा तुकडाच काठीने दाबायचा, कारण फिरण्याचा धोका त्यालाच. काप झाला की स्लेड मागे न ओढता तिथेच थांबून मशीन बंद करायचं, ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत काठी उचलायची नाही. चोवीस कापांना बराच वेळ गेला. एकही तुकडा हलला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

काकांच्या बाजूने बघितलं तर थांबण्याच्या जागा तीन होत्या. झाकण काढावं लागलं ती पहिली. झाकण काढल्याशिवाय होत नाही असे काप असतात, पण तसं झालं की एक मिनिट बसून विचार करावा की हाच काप दुसऱ्या कशाने होईल का. पट्टी तुटली ती दुसरी. एखादा तुकडा फटीतून खाली गेला ती तिसरी. या तिन्ही वेळी मशीन त्यांना काहीतरी सांगत होतं. चौदाव्या तुकड्यानंतर त्यांनी जे केलं ते मात्र मला मनापासून मोलाचं वाटतं. बहुतेक जण चष्मा पुसून पंधरावा कापतात. त्यांनी प्लग काढला, तुकडा शोधला आणि काही झालेलं नसतानाही दुसऱ्याला बोलावलं.

माझ्या बाजूची चूक मोठी आहे. मशीन बसवताना मी त्यांना मोठ्या फळ्यांचं शिकवलं, कारण मोठी फळी बघून भीती वाटते आणि शिकवावंसं वाटतं. पण मोठ्या फळीला स्वतःचं वजन असतं, धरायला जागा असते. लहान तुकडा निरुपद्रवी दिसतो, म्हणून त्याच्याबद्दल बोलायचं राहून जातं. घरच्या वर्कशॉपमध्ये तर निम्मं काम लहान तुकड्यांचंच असतं: चिपा, पाचरी, खुंट्या, थांबे. फेन्स आणि माइटर गेज एकाच कापाला एकत्र वापरू नका, एवढं एक वाक्य मी त्या दिवशी बोललो असतो तरी हे प्रकरण घडलं नसतं.

पर्याय मांडतानाही आम्ही दोघं बराच वेळ एकाच प्रश्नात अडकलो, हे काम मशीनवर सुरक्षित कसं करायचं. हे मशीनवर करायचंच का, हा प्रश्न योगायोगाने आला, थांब्याच्या आकृतीमुळे. तो आधी यायला हवा होता. पेटीचा कोपरा आणि एक चीप पहिल्या पाच मिनिटांत हातात घेतली असती, तर निम्मा दिवस वाचला असता.

त्यानंतर मी आणखी एकाला टेबल सॉ बसवून दिला. “तुम्हाला सगळ्यांत लहान तुकडा कोणता कापायचा आहे?” हे आधी विचारलं. त्यांनी अंगठ्याएवढी पाचर दाखवली. मशीनचा प्लग लावण्याआधी आम्ही बेंच हुक केला. फळीचे तीन तुकडे, चार स्क्रू, अर्धा तास.